जादूगाराला चार तारे

आमच्या वर्तकनगरच्या वसाहतीत तळमजल्यावर एक जादूगार राहतात. नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये केली, निवृत्तही तिथूनच झाले, जादू शनिवार-रविवारची. त्यांचं सामान माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्यांत असे. काही वर्षं त्या पेट्या पूर्ण उघडलेल्या नव्हत्या. वाढदिवसांना तेवढं सामान लागत नाही. तिथे मुलांना फुग्याचा कुत्रा हवा असतो.

गेल्या वर्षी बाळकुमच्या एका मोठ्या गृहसंकुलाने वर्धापनदिनासाठी त्यांना विचारलं. रंगमंच, पडदा, पूर्ण एक तास. मात्र कमिटीच्या सेक्रेटरीने एक अडचण काढली. ती जादूगारांनी मला आपल्या दारातच सांगितली.

"तो म्हणतो, काका, तुमच्या पेजवर एकही रिव्ह्यू नाही. कमिटीला काय दाखवू? डीजेवाल्याला चार पॉइंट आठ आहेत."

"मग?"

"मग तुम्ही लिहा की, ताई. तुमचा हात बसलेला आहे."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आणि बाळकुम नाही झालं तर त्या पेट्या भंगारात. मला माळा रिकामा पाहिजे. सांगून ठेवलंय मी."

"ऐकलंत ना?" ते म्हणाले. "घरातला रिव्ह्यू हा असा आहे."

माझा हात बसलेला होता तो विशेषणं काढण्यावर. वर्तमानपत्राच्या डेस्कवर अनेक वर्षं मी इतरांच्या बातम्यांतले 'भव्य', 'दिमाखदार' आणि 'उत्स्फूर्त' हे शब्द कापले. ऑनलाइन अभिप्राय कसे लिहितात हे बघायला मी आसपासची काही पानं वाचली. पावभाजीच्या गाडीवर जादू होती. एका फिजिओथेरपिस्टच्या हातात जादू होती. पंक्चर काढणाऱ्याला कोणीतरी 'मॅजिकल एक्सपिरियन्स' असं लिहून पाच तारे दिले होते. ज्यांचा तो धंदाच होता, त्यांच्या पानावर तेवढा हा शब्द नव्हता.

पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असा माझा नियम. त्यामुळे त्यांनी मला टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये वाढदिवसाला नेलं. चार प्रयोग झाले. शेवटचा वर्तमानपत्राचा. त्यांनी त्या दिवसाचा अंक उघडून दाखवला, फाडला, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले, घडी केली, फुंकर मारली आणि झटक्यात अंक अखंड उघडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिलं पान वाचत होते. सवय जात नाही.

घरी येऊन मी अभिप्राय लिहिला: "कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू झाला. चार प्रयोग, एकूण पस्तीस मिनिटं. निवेदन स्वच्छ, विनोद जुने पण सभ्य. वर्तमानपत्राच्या प्रयोगात फाडलेला अंक ठाणे आवृत्तीचा होता आणि जोडलेला मुंबई आवृत्तीचा. पहिल्या पानाच्या तळाशी पाणीकपातीच्या जागी उड्डाणपुलाची बातमी आली. हे लक्षात येऊनही अदलाबदल कधी झाली ते कळत नाही, इतकी हातचलाखी सफाईदार आहे." चार तारे दिले. पाचवा तारा मला विशेषणासारखा वाटला.

माझ्या मते ती स्तुती होती. अदलाबदल झाली हे कळूनही ती दिसू नये, याहून मोठं कौतुक मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते फोन हातात घेऊन वर आले.

"ताई, चाळीस वर्षांत हे एक वाक्य माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं."

"चूक आहे का?"

"चूक कुठे! स्टॉलवर एकच अंक उरला होता. दुसरा मेव्हण्याकडून आणला, तो दादरला राहतो. चूक नाही हीच तर पंचाईत आहे."

एव्हाना पंधरा जणांनी माझ्या अभिप्रायाखाली 'उपयुक्त' अशी खूण केली होती. सेक्रेटरीचाही फोन येऊन गेला होता. एक तासाचा कार्यक्रम आता डीजेच्या आधी वीस मिनिटांचा झाला होता. तोही, छापील पत्रिकेत नाव गेलं होतं म्हणून.

"मी ते वाक्य काढते," मी म्हटलं.

त्यांनी फोन खिशात टाकला. "नको. राहू दे. तुम्ही फक्त कार्यक्रमाला या. पुढच्या रांगेत बसा."

बाळकुमला रंगमंच मोठा होता आणि बराचसा डीजेच्या स्पीकरांनी भरला होता. जादूगार उरलेल्या कोपऱ्यात उभे राहिले. दोन किरकोळ प्रयोग करून ते माइकवर म्हणाले, "माझं बिंग फुटलेलं आहे. फोडणाऱ्या बाई इथेच बसल्यात. ताई, जरा वर येता?"

लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, आज कुठली आवृत्ती?"

त्यांनी माझ्या अभिप्रायाचा छापील कागद माझ्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचला. आवृत्त्यांच्या वाक्याला सर्वांत मोठा हशा आला. मग त्यांनी तो कागद माझ्याकडून घेतला, शांतपणे फाडला, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले, घडी केली, फुंकर मारली. उघडला तर कागद अखंड. त्यावर माझा अभिप्राय होता, आवृत्त्यांचं वाक्य नव्हतं, आणि चार ताऱ्यांचे पाच झाले होते.

आधी हसू फुटलं, मग टाळ्या. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "ताई, नीट बघून सांगा. हा तुमचाच ना?"

मी नीट पाहिलं. अक्षर एका पॉइंटने मोठं होतं. 'सफाईदार'मधला दीर्घ ऱ्हस्व झाला होता. माइक माझ्या तोंडापाशी होता.

"मजकूर माझाच आहे," मी म्हटलं.

हे विधान तथ्याला धरून होतं. आवृत्त्यांचं वाक्यही होतं. फरक एवढाच की या वेळी मी काय सोडायचं ते ठरवून सोडलं.

डीजे अर्धा तास उशिरा सुरू झाला, कारण लोक जादूगारांना सोडेनात. रविवारी त्यांच्या पानावर एकोणतीस नवे अभिप्राय आले. 'मॅजिकल' शब्द अकरांत होता. एकाने कबुतराचं कौतुक केलं होतं, कबुतर नव्हतं. आणि एकाने लिहिलं होतं, "शो भारी, पण तो चार स्टारवाला रिव्ह्यू फेक आहे. ती बाई त्यांचीच माणूस."

त्या पानावर पाहून लिहिलेला आणि शब्द मोजून लिहिलेला एकच अभिप्राय होता आणि तोच बनावट ठरला होता. मी उत्तर टाइप केलं, माझ्या पत्रकाराच्या ओळखपत्राचा उल्लेख केला, मग सगळं खोडलं.

संध्याकाळी त्यांच्या दारातून पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता. पत्नी ओल्या फडक्याने पत्रा पुसत होत्या आणि पुटपुटत होत्या, "गंज बघा किती. माझाच जन्म जायचा यात."

"पुढच्या महिन्यात कल्याणला आहे," ते मला म्हणाले. "पूर्ण तास. त्यांनी विचारलंय, त्या बाई येणार ना?"

"मी तुमच्या खेळातली नाही, हे त्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं. ते म्हणाले, असंच बोलतात सगळे."

मी गेले. डोंबिवलीलाही गेले. आता वाचताना ते मला बाजूला उभे राहून खूण करतात, आवाज जरा रागीट ठेवा अशी. मी ठेवत नाही. वाक्य आहे तसं वाचते.