आज माझा टर्न नाही

लंडनजवळच्या स्लाऊच्या आमच्या ऑफिसात चहा करायचा टर्न ठरलेला असतो; मॅनेजरही त्यातून सुटत नाही. टोकियोच्या हेड ऑफिसातून बदलून आलेली माझी जपानी मैत्रीण मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी चहा घेऊन आली, तोही हुद्द्याप्रमाणे. माझं डोकंच फिरलं. "तू इंजिनियर आहेस ना? मग बस की खाली!"

ती हसली. तिकडे तिला बावीस जणांचे कप पाठ होते म्हणे. बरोबरीच्या पुरुषांना बढत्या मिळत गेल्या, हिच्या हातात ट्रे तसाच राहिला.

गेल्या महिन्यात तिकडचे दोन साहेब मीटिंगला आले. एकाने तिच्याकडे बघत रिकामा कप जरासा पुढे सरकवला. ती सवयीने अर्धी उठली. मग पुन्हा बसली आणि शांतपणे म्हणाली, "आज माझा टर्न नाही. मॅनेजरचा आहे."

आमचा गोरा मॅनेजर निमूटपणे किचनमध्ये गेला. चहा अगदी पांचट झाला होता. ती दोन कप प्यायली.

त्या खुशीतच मी पिनरला घरी आले. हॉलमध्ये नवऱ्याचे मित्र बसले होते. मला बघताच नवरा म्हणाला, "अगं, चहा टाकतेस का?"

मी बूट काढले आणि सोफ्यावर बसले. "आज तुझा टर्न," मी म्हटलं. "मला साखर अर्धा चमचा."

लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि माझी साखर त्याला सांगावी लागली.