दादाची दोन माणसांची गाडी

मी शिकवते त्या शाळेत प्रार्थना चालू होती तेव्हा तुडीलहून शेजारच्या पांडुरंगचा फोन आला. "ताई, तू निघून ये. दादा उठत नाय..." महाडहून तुडील काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. पोहोचले तेव्हा दादाला ओटीवर ठेवलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या नखांत फायबरची पांढरी पूड होती. आदल्या संध्याकाळी तो गाडीचं दार घासत बसला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अनंत. कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीला होता. निवृत्त झाल्यावर हा आता शेती बघेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने रिकामा गोठा झाडून घेतला आणि तिथे स्पोर्ट्स कार बांधायला काढली. भंगारातून इंजिन आणलं, लोखंडी नळ्या जोडून सांगाडा केला, लाकडी साच्यावर फायबर चढवून बुटकं, लांबट अंग घडवलं. असली गाडी रस्त्यावर काढायला परवानगी मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पांडुरंग म्हणायचा, "मग कशाला रे एवढी मरमर?" दादा हातातलं काम न थांबवता म्हणायचा, "गणपती बुडवायचाच असतो, म्हणून कोण वाकडा घडवतो काय?"

सुलभावहिनीला मात्र ती गाडी सवतीसारखी वाटे. मूलबाळ नव्हतं, दोघंच घरात, आणि हा दिवसभर गोठ्यात. जेवायला तीनदा हाका माराव्या लागत. मग एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी गोठ्यात शिरलं. ओसरलं तेव्हा गाडीत बसायच्या जागेपर्यंत गाळ भरला होता. दादा उंबऱ्यावर बसून राहिला. जेवायलाही उठेना. शेवटी वहिनीनेच पदर खोचला, बादली घेतली आणि गाळ उपसायला लागली. "उठा," ती म्हणाली, "वाळला की निघायचा नाय." त्या दिवसापासून ती गाडी दोघांची झाली.

पण गाडी चालण्याजोगी झाली, तोवर वहिनीचे गुडघे गेले होते. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. ती दाराशी वाकली, पुन्हा सरळ झाली आणि हसून म्हणाली, "तुमी जावा. मी बघते हितून." दादाने इंजिन बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्याने दाराकडची बाजू कापून काढलेली. इतक्या वर्षांनी साधलेला तो घाट पार मोडला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "हे काय केलंस रे?" तो म्हणाला, "दोन माणसांची गाडी हाय. एकटा बसून कुठं जाऊ?"

केशकर्तनालयातल्या मोडीत काढलेल्या खुर्चीचा फिरता दांडा त्याने वहिनीच्या सीटखाली बसवला. सीट बाहेर वळायची, वर यायची, वहिनी टेकली की आत जायची. भातकापणी झाल्यावर, मोकळ्या शेतात, बांध फोडून केलेल्या वाटेवरून ती दोघं हिंडली. वहिनी एका हाताने पदर धरून बसली होती. खाचखळग्यात गाडी आदळली की ती त्याला रागे भरायची, आणि दादा... असा मोकळा हसताना मी त्याला आईच्या माघारी पाहिलं नव्हतं.

रंग द्यायचा राहिला. कापलेल्या दाराची कड गुळगुळीत झाल्याशिवाय रंग लावायचा नाही, असं त्याचं चाललं होतं.

गेल्या रविवारी तुडीलला गेले होते. वहिनी म्हणाली, "बस जरा त्यांच्या जागी." मी पहिल्यांदाच तिथे बसले. दादा उंच, मी आईसारखी ठेंगणी. समोरच्या आरशात मला मागचं काही दिसेना, नुसती गोठ्याची कौलं दिसत होती. आरसा खाली करायला मी हात उचलला. वहिनी शेजारच्या सीटवर टेकली होती. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे गो," ती म्हणाली. "त्यांच्या नजरेला लावलेला हाय."