कमळची हाक

बोर्ली पंचतनच्या बाजारात सुकी मासळी विकणारी केसर मोठ्या आवाजाची म्हणून ओळखली जायची. घासाघीस करणाऱ्या पर्यटकाला ती सुनवायची, "सुकट घेताय का सोनं, एवढं पारखताय ते?" गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्याने घ्यायचं.

लग्न होऊन कोळीवाड्यात आली तेव्हा सासूने तिला आधी हाक शिकवली. मासळी वाळवायच्या खळ्यावर जवळा वाळत असताना जिला आभाळ भरून आलेलं प्रथम दिसेल तिने ओरडायचं, आणि मग सगळ्याजणींनी मिळून समोर येईल तो ढीग उचलायचा. आपला-परका बघायचा नाही. पुढे ही हाक बहुतेक वेळा केसरची किंवा तिच्या शेजारणीची, कमळचीच असायची.

दिवाळीनंतर गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, देवळाच्या सभागृहासाठी कमळची खळ्यालगतची जागा मागितली. कमळ म्हणाली, "विचार करते." बस, तेवढंच.

कायदा आल्यापासून कोणाला वाळीत टाकलं असं गावकी बोलून दाखवत नाही. तसा ठराव झाला नाही. पण कमळकडे हळदीकुंकवाला कोणी गेलं नाही, दुकानात तिच्यापुरतं मीठ संपू लागलं, बोर्लीच्या टमटममध्ये तिला जागा उरेना. कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. केसरसुद्धा फक्त बोलायची थांबली. वैशाखात तिच्या लेकीचं, प्राप्तीचं लग्न होतं. गाव फिरलं तर मांडव कोण घालणार, हळदीला कोण येणार? नळावर कमळ दिसली की केसर अर्धा भरलेला हंडा उचलून घरी यायची. आपण तिचं काही वाईट करत नाही, असं वाटेत स्वतःला सांगायची.

चैत्रातली दुपार होती. खळं जवळ्याने गुलाबी झालं होतं. बायका नारळाच्या झापांच्या सावलीत बसल्या होत्या आणि सगुणा आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करत होती. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"आभाळ आलंय गो. उचला, उचला."

आवाज कमळचा होता. केसरचा हात सवयीने टोपलीकडे गेला आणि तिथेच थांबला. कोणी उठलं नव्हतं. दक्षिणेचा डोंगर काळवंडलेला सगळ्यांना दिसत होता. पण तो कमळने दाखवला होता. आता उठणं म्हणजे तिला ओ देणं.

"मला तर काय दिसत न्हाय," सगुणा खाली बघत म्हणाली.

कोणी हसलं नाही. केसरने एकेकीचं तोंड पाहिलं. याच बायका तिच्या बाळंतपणाला धावल्या होत्या. आत्ता कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, द्वेषही नव्हता. प्रत्येकीला शेजारी बसलेलीची भीती वाटत होती. उद्या माझ्यासाठीही या अशाच बसतील, हे केसरला कळलं.

वारा सुटला. कमळ एकटीच खळ्यात उतरली. रिवाजाप्रमाणे समोरचा ढीग तिने आधी ओढला आणि टोपलीत भरू लागली. तो ढीग केसरचा होता.

साऱ्या नजरा केसरकडे वळल्या. तिला प्राप्तीचा रिकामा मांडव दिसला. ती उठली आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात ओरडली, "ठेव ते, कमळ. माझ्या जवळ्याला हात लावू नको."

कमळने वर पाहिलं. टोपली होती तिथेच हळूच ठेवली आणि स्वतःच्या ढिगाकडे गेली. तोवर थेंब पडायला लागले होते. मग सगळ्याच धावल्या, पण उशीर झाला होता. वाळत आलेला जवळा भिजून चिखल झाला.

दिवेलागणीला गावकीचे पोशादादा आले. ओटीवरच टेकले. केसरचा नवरा काळूराम जाळं बाजूला सारून उभा राहिला. केसरने चहा आणला.

"आज तू बोललीस म्हणं तिच्याशी," पोशादादा शांतपणे म्हणाले.

"नको म्हणाले, दादा. हात लावू नको म्हणाले."

"व्हय, ऐकलं मी. शब्द बरोबरच व्हते." त्यांनी कप जरासा पुढे सरकवला. "पण नाव घेऊन बोललीस. खळ्यावर, सगळ्यांदेखत."

"दादा, तिला थांबवायला—"

"मी कुठं काय म्हणतोय? बसा, बसा. लगीन कधीचं धरलंय पोरीचं?"

काळूरामने तारीख सांगितली. पोशादादांनी मान हलवली आणि ते निघाले. चहा तसाच होता. त्यावर साय धरेपर्यंत दोघं कपाकडे बघत राहिली.

सकाळी केसर हंडा घेऊन नळावर गेली. सगुणा पाणी भरत होती.

"सगुणा, जवळा गेला गो सगळा," केसर म्हणाली. इतका बारीक आवाज आपल्याच तोंडून निघालेला तिने कधी ऐकला नव्हता.

सगुणाने नळ बंद केला आणि अर्धा भरलेला हंडा कमरेवर घेतला.