बोरं लुटायला मुलं हवीत

नातीचं बोरन्हाण राहूनच गेलं होतं. यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरवलं आणि मी मंडईतून पिशव्या भरून बोरं, चुरमुरे, रेवड्या आणल्या. "एवढं खाणार कोण?" हे म्हणाले. मी म्हटलं, "मुलं लुटतील की!" बोरन्हाणाची गंमत तीच. पाटावरच्या मुलाच्या डोक्यावरून बोरं ओतायची आणि भोवतालच्या पोरांनी झुंबड उडवायची. माझ्या मुलाच्या वेळी सदाशिव पेठेतल्या याच इमारतीत इतकी चिल्लीपिल्ली होती, की दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि सोहळा सोडून मी बर्फ शोधत फिरले.

आमंत्रण करायला मजल्यामजल्यावर गेले. तिसऱ्यावरचा मुलगा दहावीत. समोरची मुलगी अकरावीत, तिला सकाळ-संध्याकाळ क्लास. वरच्या दोन्ही फ्लॅटमध्ये परगावहून शिकायला आलेली, मिशा फुटलेली मुलं. पाच वर्षांच्या आतलं कोणीच नाही. होती ती मोठी झाली आणि त्यांच्या मागून कोणी आलंच नाही. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या बालवाडीची अभ्यासिका झाली, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

तरी हट्टाने केलंच. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने घालून नात ऐटीत पाटावर बसली. अकरावीतली मुलगी तेवढी आली, पाठीवर क्लासची सॅक. मी बोरं ओतली. तिने भिडेखातर दोन उचलली आणि "सॉरी काकू, टेस्ट आहे" म्हणत गेली. बाकीची सोफ्याखाली घरंगळली. यांचे गुडघे धड नाहीत, तरी हे वाकले. मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता.

"आजी, मुलं कधी येणार?" नातीने विचारलं. मला रडूच आलं. मंडईतून काही मुलं विकत आणता येत नाहीत.

मुलाला काही म्हणावं, तर तोंड कुठे आहे? एकच पुरे, हे त्याने आणि सुनेने मला केव्हाच सांगितलंय. त्यांची धावपळ मी रोज बघते. त्यांचं चूक आहे, असं मलाही म्हणवत नाही.

शेवटी नात स्वतःच पाटावरून उठली. सोफ्याखाली शिरून एकेक बोर तिने फ्रॉकच्या ओच्यात गोळा केलं. मग दारात जाऊन चपला घातल्या.

"आता दुसऱ्या बाळाचं करू. मी लुटणार," ती म्हणाली. "चल ना आजी, कुठल्या मजल्यावर जायचं?"