मेहुण्याचं वजन

गेबहार्ड हेर्मानची उभी हयात रोपवेच्या यंत्राशेजारी गेली. जर्मनीच्या दक्षिणेला, आल्गॉयच्या डोंगरातल्या त्या रोपवेची रीत साधी होती. एक डबा वर निघाला की दुसरा खाली यायचा, आणि एकाचं दुसऱ्यावाचून पान हलायचं नाही. अशा कामात जन्म घालवलेल्या माणसाचा एकट्यादुकट्या गोष्टीवर भरवसा राहत नाही. तो टोपी घ्यायला गेला तरी दुसरी हातात धरल्याशिवाय पहिलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लग्न ठरायच्या आधी त्याने बायकोच्या, म्हणजे बुर्गलच्या, मावसबहिणीलाही दोनदा कॉफीला नेलं होतं. बुर्गलला ते ठाऊक होतं आणि ती ते विसरलेली नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्याने नवी मोटरसायकल घेतली. लांबचा पल्लाही मारायचा आणि घाटातल्या वळणावर अंगही टाकायचं, अशा दुहेरी जातीची. रंग करडा, समोर काचेचा पडदा, त्यावर बटण दाबून निवडायची पावसाची चाल वेगळी, उन्हाची वेगळी, मुठी गरम होतात, ब्रेक स्वतःचं डोकं चालवतात. त्याची जुनी गाडीही याच जातीची होती, निळी, वीसेक वर्षांची, सकाळी चोक ओढल्याशिवाय डोळे न उघडणारी. बुर्गलला मागे बसवून तो तिच्यावरून पार इटलीपर्यंत जाऊन आला होता.

गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या उभ्या केल्यावर बुर्गलच्या डीप फ्रीजरचं दार उघडेना. एक गाडी काढ, ती म्हणाली.

“कुठली?”

“जुनी. आणखी कुठली?”

“नवी चांगली आहे हे अजून ठरलंय कुठे?”

“मग घेतलीस कशाला?”

“घेतल्याशिवाय तुलना कशी करणार?”

या बोलण्यात कुठेतरी खोट आहे हे बुर्गलला कळत होतं, पण ती सापडेपर्यंत तो गॅरेजात पोचलेला होता. शेवटी तिने पहिल्या बर्फापर्यंतची मुदत दिली.

गेबहार्डने काम मन लावून सुरू केलं. वसंतात गावचे पाद्री चर्चसमोर मोटरसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा त्याने दोन्ही गाड्या रांगेत लावल्या. निळीवर जरा जास्त पाणी पडलं. त्याने नम्रपणे ते पाद्रीबाबांच्या लक्षात आणून दिलं आणि करडीवर आणखी चार थेंब घालून घेतले. मग तो करडीवरून ओबरयोखचा घाट चढला, घरी आला आणि निळीवरून परत चढला. पण तेवढ्यात ऊन फिरलं होतं, वाटेत गवताचा ट्रॅक्टर आडवा आला आणि मधल्या वेळात त्याने एक केकचा तुकडाही खाल्ला होता. केक खाल्लेला माणूस आणि न खाल्लेला माणूस, ही दोन वेगळी माणसं आहेत असं त्याचं मत पडलं. दोन्ही गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, सारख्याच ओझ्याने चालायला हव्यात. म्हणजे आपल्यासारखाच आणखी एक माणूस हवा.

बुर्गलचा धाकटा भाऊ वीटुस चर्चमध्ये सेवेकरी होता. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, बाकं पुसायची. लष्करात असताना त्याने मोटरसायकलचं लायसन्स काढलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. जेवण म्हणजे उभ्याउभ्याच पावाचा तुकडा आणि सॉसेज. त्यामुळे तो हडकुळा होता, आणि गेबहार्ड चांगला आडवा. वीटुस नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. गेबहार्डने वजनाची भरपाई म्हणून त्याच्या जॅकेटात बटाटे भरले आणि त्याला निळीवर बसवलं.

घाटात गेबहार्ड करडीवर पुढे होता आणि सगळं ठीक झालं. वरच्या खानावळीपाशी थांबून वीटुसने डावा पाय टेकवला आणि सगळे बटाटे डावीकडे आले. तो झोपायला जावं तसा शांतपणे आडवा झाला, अंगावर गाडी घेऊन. गेबहार्ड धावत आला. त्याने पहिल्यांदा गाडीला काही लागलं का ते विचारलं.

“गाडी माझ्यावर पडलीय, दाजी,” वीटुस खालून म्हणाला. “तिला काय होणार?”

बटाटे बाद झाले. आता वजन मेहुण्याच्या अंगातच जायला हवं होतं. गेबहार्डने बुर्गलला सांगितलं की उद्यापासून वीटुस दोन्ही वेळ आपल्याकडे जेवेल. बुर्गलला भावाची काळजी वर्षानुवर्षं होतीच. कारण कितीही खुळचट असलं तरी तिने ते आनंदाने पत्करलं. रोज चीज घातलेल्या शेवया आणि वर तळलेला कांदा, डुकराच्या मांसाचा रस्सा, कणकेचे उकडलेले गोळे, रविवारी सफरचंदाचं सारण भरलेला स्ट्रुडेल. वीटुस आधी संकोचाने खायचा. नंतर त्याला खुर्चीत बसून जेवायची सवय लागली. मग तो जेवताना बोलायला लागला आणि त्याला बरंच काही सांगायचं होतं असं निघालं. कुठल्या बाकावर कोण झोपतं, कुठल्या घंटेचा आवाज पावसाळी होतो, सगळं. बहीणभाऊ हसत बसायचे. जूनमध्ये त्याच्या चर्चमधल्या झग्याची वरची बटणं लागेनात, आणि पाद्रीबाबांनी आडून विचारलं की घरी काही दुःख आहे का.

या सगळ्यात एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. रश्श्याचं भांडं आधी वीटुसकडे जायचं. गेबहार्डच्या वाट्याला तळ यायचा. शिवाय तो चिंतेत होता. मेहुणा पुरेसा वाढतोय का, या विचाराने त्याचा घास तोंडातच फिरायचा. ऑगस्टच्या अखेरीला दोघं चीजच्या कारखान्यातल्या मोठ्या काट्यावर चढले, तर मेहुणा भारी निघाला.

“काटा बिघडलाय,” गेबहार्ड म्हणाला.

“चीज बरोबर मोजतो,” काट्यावरचा माणूस म्हणाला. “तुझा पट्टा बघ की.”

पट्ट्याला खरंच खिळ्याने नवीन भोक पाडलेलं होतं, आणि ते आपणच पाडल्याचं गेबहार्डला तेव्हा आठवलं. मग उलटा कारभार सुरू झाला. वीटुसला दुसरी वाढ बंद, गेबहार्डला सक्तीची. दोघं रोज काट्यावर, चीजच्या चाकाएवढ्या लाद्यांच्या रांगेत उभे. सप्टेंबरात एका सकाळी काटा दोघांना सारखाच दिसला, फक्त वीटुसला एक बूट काढावा लागला. गेबहार्डने बुटाचा विचार केला आणि तेवढं चालेल म्हणाला. आयुष्यात त्याने केलेली ही पहिली तडजोड असावी.

दोघं तडक घाटाला लागले. पुढे निळीवर वीटुस, मागे करडीवर गेबहार्ड. तिसऱ्या वळणावर एक गोष्ट घडली. इतकी वर्षं निळी त्याने फक्त वरून पाहिली होती, टाकी आणि दोन आरसे. ती धावताना कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. आता ती समोर वळणात अंग टाकत होती, सरळ होत होती, पुन्हा टाकत होती, आणि तिचा आवाज डोंगराला लागून त्याच्याकडे येत होता. आपल्याच घराकडे कधीतरी पलीकडच्या टेकडीवरून नजर जावी आणि अरे, इथे कोण भाग्यवान राहतं, असं वाटावं, तसं त्याला झालं. करडी कशी चालतेय हे बघायचं तो पार विसरून गेला.

वर पोचल्यावर त्यांनी गाड्या बदलल्या. उतरताना करडी पुढे होती आणि आता तीच देखणी दिसायला लागली. थोडक्यात, ज्या गाडीवर तो नसेल ती चांगली ठरत होती. खाली आल्यावर त्याने कासावीस होऊन वीटुसला कौल विचारला.

“निळी,” वीटुस म्हणाला.

“का?”

“तिच्यावर बसलं की भूक लागते.”

हे कारण गेबहार्डच्या कुठल्याच मापात बसेना. राहता राहिली बुर्गल. ती निळीवर वर्षानुवर्षं मागे बसलेली होती. नव्या हेल्मेटांत एकमेकांशी बोलायची सोय होती. त्याने तिला करडीवर बसवून सीमेपलीकडे, ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, तलावाकाठी जेवायला नेलं. वाटभर तो बोलत होता. हे वळण निळी कशी घ्यायची, करडी कशी घेते, इथे निळीचा गिअर कसा अडायचा, इथे करडीचा कसा अडत नाही. शिवाय डोंगर, गाई, रोपवेतले जुने सोबती, लहानपणी वारलेला भाऊ.

तलावाकाठी मासे मागवून झाल्यावर बुर्गलने हेल्मेट बाजूला ठेवलं.

“निळी बरी,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“तिच्यावर तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं.” मग तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. “तू तेव्हाही असाच बोलत असायचास का रे? इटलीपर्यंत?”

“हो.”

“मला वाटायचं, डोंगर बघत गप्प असतोस.”

गेबहार्डने हातातला पेला खाली ठेवला. “पण तू मान हलवायचीस. आरशात दिसायचं मला.”

“वळणं होती, गेबहार्ड.”

मासे आले. मग बुर्गलने पावाचा तुकडा मोडून त्याच्यापुढे ठेवला आणि त्या भावाबद्दल विचारलं, जो लहानपणी वारला होता. त्याचं नाव तिने आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. जेवण बराच वेळ चाललं.

ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आत, गेबहार्डला ती धावताना मागून बघता यावी या बोलीवर, निळी वीटुसकडे गेली. ती चर्चच्या मागच्या पडवीत, नाताळच्या देखाव्यातल्या लाकडी गाढवाशेजारी उभी राहिली. फ्रीजरचं दार पूर्ण उघडलं. वीटुसचं जेवण मात्र बहिणीकडेच राहिलं, आणि झगा नवा शिवावा लागला.

पुढच्या उन्हाळ्यात तिघं दर रविवारी निघायचे. जाताना बुर्गल भावाच्या मागे निळीवर बसायची, येताना नवऱ्याच्या मागे करडीवर. एकीकडची वाट शांततेची, एकीकडची गप्पांची, अशी तिने वाटणी केली होती. गेबहार्डला जाताना निळी समोर दिसायची आणि त्याची तक्रार नव्हती. तुलना अजून चालू आहे, एवढंच तो विचारणाऱ्याला सांगायचा.

एकदा घाटमाथ्यावर खानावळीसमोर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पाठीला पिशवी लावलेला एक पाहुणा त्यांच्यासमोर थबकला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि बाकावरच्या गेबहार्डला विचारलं, “यातली कुठली बरी?”

बुर्गल आणि वीटुस आपापले पेले उचलून मुकाट्याने दुसऱ्या टेबलावर गेले. गेबहार्डने पाहुण्याला बसवलं आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. पाहुणा भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, वळणांचं, गिअरचं, पवित्र पाण्याचं, मेहुण्याच्या वजनाचं. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे त्याने गाड्यांच्या पलीकडे बोट केलं. तिथून डोंगरात दोन पायवाटा फुटत होत्या.

“आणि यातली तलावाकडे कुठली जाते?”

गेबहार्डने प्रामाणिकपणे विचार केला.

“दोन्ही जातात,” तो म्हणाला. “पण निळीला चोक लागतो.”

पाहुण्याने आभार मानले आणि खालची वाट धरली.