खालचे टाके

माझं बाळंतपण नॉर्मल झालं. म्हणजे रात्रंदिवस कळा, शेवटी डॉक्टर मॅडमनी मारलेला 'छोटासा कट' आणि त्यावर टाके. हिंगोलीच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांना फोन लावले. पोरगी झाली, नॉर्मल झाली, काही तकलीफ झाली न्हाई. तकलीफ कुणाला झाली नाही, हे विचारायला मी आतल्या खाटेवर होते आणि माझ्या अंगात आवाज नव्हता.

सिझरच्या बाईला आमच्याकडं मान असतो. तिचे टाके पोटावर असतात, ते आल्यागेल्याला सांगता येतात, ऐकणारी बाई हळहळते आणि पुरुषसुद्धा मान हलवतो. माझे टाके जिथं होते त्या जागेला आमच्या घरात नाव नव्हतं. फार झालं तर 'खाली' म्हणायचं, आणि तेही जमिनीकडं बघत. इतरांना कशाला हसू? मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रजननाचा धडा आला की 'हा घरी वाचून या' म्हणून पुढच्या धड्यावर उडी मारते.

घरी सोडताना मॅडमनी आईला आणि मला समोर घेऊन सांगितलं. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. पाणी भरपूर प्यायचं, पालेभाजी खायची. पंधरा दिवस मांडी घालून बसायचं नाही. टाका उसवला तर जखम चिघळेल आणि परत शिवावी लागेल. एकदा शिवून घेतलेलं माझ्या चांगलं लक्षात होतं, त्यामुळं शाळेत कुणी ऐकलं नसेल इतकं लक्ष देऊन मी ते ऐकलं. आईही पिशवी छातीशी धरून उभ्या उभ्या ऐकत होती. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण आई कुठं बसत नाही. ते आमच्या घरचं जुनं कौतुक आहे. गावात कुणाच्याही सुनेला उदाहरण म्हणून माझी आई दिली जाते: बघ, ती बाई दिवसभर एका जागी बसली तर शपथ.

साखऱ्याला माहेरी आले आणि माझा ताबा मोठ्या मायकडं गेला. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या भावकीतलं प्रत्येक बाळंतपण तिच्या हुकमाखाली होतं आणि तिच्यापुढं आईची मान कधी वर झालेली मी पाहिली नव्हती. तिनं मॅडमचे सगळे नियम ऐकून घेतले आणि एकेक उलटा करून लागू केला. पाणी प्यालं की बाळंतिणीचं पोट सुटतं, म्हणून दिवसाला दोन पेले, तेही ओव्याचं. पालेभाजीनं लेकराला हगवण लागते, म्हणून भाकरी, खोबरं आणि डिंकाचे लाडू. माझ्या बाजेखाली शेगडी. कानात कापूस. मी घामानं निथळत होते आणि टाके आतून ओढत होते. चौथ्या दिवशी संडासात माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की डिंकाचा लाडू समोर आला की आजही मी ताट सरकवते.

राहिला टब. टब आणायला वडिलांना बाजारात पाठवलं, आणि तो कशासाठी हे त्यांना सांगणार कोण? आईनं जमिनीकडं बघत सांगितलं, लेकरासाठी. निळा, चांगला ऐसपैस टब घेऊन वडील आले आणि गावभर चर्चा झाली. लेकरू पायावर न्हातं, टबात डुंबायला ते काय म्हशीचं पारडू हाय? शहरात नोकरी केली की असली थेरं सुचतात, असंही कुणी म्हणालं. माझी नोकरी सेनगावला, म्हणजे आमच्याच तालुक्याच्या गावी आहे. पण आई रोज पहाटे आणि दुपारी, सगळे इकडंतिकडं झाले की, न्हाणीत कोमट पाणी ओतायची, दाराला पाठ लावून बाहेर उभी राहायची, आणि मी त्या टबात बसून दिवसातली पंधरा मिनिटं माणसासारखी श्वास घ्यायची.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. आदल्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. सकाळी मला थंडी वाजून आली, फडक्यावर पिवळट डाग दिसला, आणि एका बाजूचा टाका सुटल्याचं माझ्या हातालाच कळलं. मी आईला सांगितलं. तिनं फडकं बघितलं, घडी घातली आणि चुलीकडं गेली. मला तिचा फार राग आला. दुपारी मी न्हाणीत गेले तर टब जागेवर नव्हता. तो स्वयंपाकघरात होता. त्यात मोठ्या मायनं घुगऱ्यांसाठी पाच किलो हरभरे भिजत घातले होते.

मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. हरभरे काढा म्हणायचं तर टब कशासाठी आहे ते सांगावं लागलं असतं. आम्ही दोघी गप्प राहिलो. आमच्या गावात मोठी माणसं सुनावताना म्हणतात, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. माझ्या लेकीच्या बारशाच्या घुगऱ्या ज्यांनी ज्यांनी खाल्ल्या त्यांनी यापुढं तिला हे सुनावण्याआधी थोडा विचार करावा. चव मात्र सगळ्यांना आवडली.

बारशाला अंगण बायकांनी भरलं. सासूबाई झबली-टोपडी घेऊन आल्या. मधोमध पाट मांडला होता. बाळंतिणीनं लेकरू मांडीवर घेऊन त्यावर बसायचं, सगळ्या बायकांनी हळदीकुंकू लावून ओटी भरायची, मग पाळणा. बायका पन्नासेक होत्या, म्हणजे दीड-दोन तासांची निश्चिंती. मी पाटाशी जाऊन उभी राहिले. अंगात ताप होता. मी खुर्ची मागितली, तर मोठी माय म्हणाली की खुर्चीवर बसून ओटी घ्यायला तू काय तहसीलदारीण हायेस? बायका हसल्या. मांडी घाल, ती म्हणाली, पाय मोकळे सोडले की वारं शिरतं. सासूबाईंनी माझा खांदा हलकेच दाबला. मला रडू यायला लागलं, आणि लाज वाटली ती रडण्याची नव्हे, तर मी आता खरोखरच बसणार होते याची. मी गुडघे वाकवले.

तेवढ्यात आई हातातलं हळदीकुंकवाचं ताट घेऊन मधे आली.

"ती बसणार न्हाई," आई म्हणाली. "तिला खाली टाके हायेत. एक उसवलाय."

'खाली' म्हणताना ती जमिनीकडं बघत नव्हती. पाळण्याचं गाणं म्हणायला घसा साफ करणाऱ्या बाया तिच्याकडं वळल्या.

"आमाला काय लेकरं झाली न्हाईत व्हय?" मोठी माय म्हणाली. "आमी बसलोच की."

"तुमी बसलात, बाई. मला आजून बसवत न्हाई." आईचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "ही घरी झाली तवा फाटलं ते तसंच राहिलं. तुमीच म्हनलात, आपोआप भरंल."

मोठ्या मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मागून कुणीतरी घुगऱ्या वाटायच्या का म्हणून विचारलं आणि सगळ्यांची सुटका झाली. मला बाजेवर कुशीला निजवलं, ओटी उशाशी भरली, लेकीचं नाव सासूबाईंनी तिच्या कानात सांगितलं. मी त्यातलं काही धड बघितलं नाही. मी आईला बघत होते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. जेवताना एका अंगावर कलून, एक गुडघा उभा धरून बसणारी आई. एसटीत जागा मिळाली तरी दांड्याला धरून उभी राहणारी. लग्नात शेवटपर्यंत वाढणारी, आणि पंगतीला बसायचा आग्रह झाला की पाणी आणायला पळणारी. केवढं कौतुक केलं होतं आम्ही तिचं. मीसुद्धा शाळेत 'माझी आई' निबंधात लिहिलं होतं की ती कधी बसत नाही, आणि बाईंनी त्या वाक्याखाली छान म्हणून रेघ ओढली होती.

सव्वा महिना बाळंतिणीनं वेस ओलांडायची नसते. तेराव्या दिवशी आम्ही ओलांडली. वडिलांनी जीप आणली आणि कशासाठी ते विचारलं नाही. हिंगोलीला मॅडमनी मला तपासलं, जखम धुतली, औषधं लिहिली आणि परत शिवायची वेळ थोडक्यात टळली म्हणून सांगितलं. मी खाटेवरून उतरले आणि म्हटलं, आता आईला बघा. आई नको नको म्हणत भिंतीला चिकटली. मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

मॅडमनी तिला त्रास कधीपासून आहे ते विचारलं. आईनं थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं, मग सोडून दिलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"हिला इचारा, किती वर्षांची झाली ते."

मी माझं वय सांगितलं. मॅडमनी ते आईच्या कागदावर लिहिलं.