शेवटी चार असलेली घरं

भूत, चकवा, मुंजा… असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. अमावास्येला नारळ फोडणाऱ्या सुनेला आजही चिडवतो. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात, तर तो तुमचा हक्कच आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. मी लोणावळ्याला मलेरियाच्या ऑफिसात क्लार्क होतो. मळवली स्टेशनला उतरून दीड तास चढलं की डोंगरात एक ठाकरवाडी लागायची. बरोबर एकसष्ट घरं, दाराशेजारी गेरूने नंबर रंगवलेले. आमचा फवारणीवाला गोमा तिथलाच. विशीतला, बिनलग्नाचा. अक्षर कळत नसे, पण आकडे वाचायचा.

त्या वर्षी वाडीतल्या पंधरा घरांत घरटी एकेकाला ताप निघाला. गोमाने तिथल्या आजाऱ्यांचं रक्त काचपट्टीवर घेऊन यायचं, जंतू दिसले तर आम्ही गोळ्या द्यायच्या. एवढे नंबर त्याच्या ध्यानात राहीनात. आणि मला तर लांबलचक यादी आखडून एका वाक्यात बसवायचा भारी नाद! पाच मिनिटांत सांगितलं, "गोमा, तिशीतली सगळी, आणि शेवटी चार असलेली सगळी. बस्स!" चार, चौदा, चोवीस… चौपन्न. यादीशी ताडून पाहिलं – एक घर जास्त नाही, एक कमी नाही. स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोमा आला. काचपट्ट्या सोळा निघाल्या.

"ही कुठली रे?"

"चौसष्टची."

"अरे, वाडी एकसष्टला संपते!"

"मला बी तसंच वाटलं व्हतं, भाऊसाहेब. पर शेवटी चार असलेली सगळी म्हनला व्हता, म्हून वर चढलो तर घर व्हतं. दाराला सहा नि चार. आठेक वर्साची पोर, एकलीच. अंग लय तापलेलं. म्हनली, गोळी कवा देनार?"

मी भडकलो. नको ते बोललो, दारू पिऊन गेला होतास म्हणालो. त्याच्यासमोर ती पट्टी फडक्याने पुसली आणि नोंदीवर काट मारली.

आठवड्याने त्याला खोटं पाडायला मी स्वतः वर गेलो. एकसष्टच्या पुढे करवंदीच्या जाळ्या आणि थोडी सपाट जागा, एवढंच. "हितंच व्हतं," गोमा म्हणाला. मी मोठ्याने हसलो… पण उतरताना मागे वळून बघायची काही माझी छाती झाली नाही.

मध्ये बारा वर्षं गेली. मलेरिया ओसरला आणि पुन्हा उलटला. मीही बदल्यांवर फिरून लोणावळ्यालाच आलो. एका दुपारी गोमा समोर उभा. लग्नानंतर तो भावांपासून वेगळा निघाला होता. घर बांधायला वाडीच्या वर तेवढीच सपाट जागा उरली होती, आणि पुढे वाडी वाढली तसे नवे नंबर पडले होते. त्याने टेबलावर काचपट्टी ठेवली.

"चौसष्ट, भाऊसाहेब. माजी पोर हाय. आवंदा पुसू नका."

तपासणीची वाट न बघता गोळ्या खिशात टाकल्या, मिळेल ती गाडी पकडली आणि धापा टाकत वर चढलो. दाराला गेरूने सहा नि चार. पोर गोधडीत पडली होती, आठेक वर्षांची. मला तिने त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. मी गोळी दिली, पाणी पाजलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"मागं मागितली व्हती," ती म्हणाली, "तवा का न्हाई दिलीस?"

गोमाने तोंड फिरवलं. मला खूप रडू आलं.

पोर वाचली. तिच्या मुलीच्या लग्नात मी जेवूनसुद्धा आलो. त्यानंतर मात्र यादी आखडायचा नाद सोडला, प्रत्येक घर लिहून काढत गेलो. गोमाला उन्हाचा भास झाला असेल, पोर तापात बरळली असेल, सगळं धरून पाहिलं. काही जुळत नाही. त्या पहिल्या पट्टीवर रक्त होतं – ते मी माझ्या हाताने पुसलं आहे.

वाचली ती दुसऱ्या खेपेची पोर. पहिल्या खेपेला जी एकटीच वाट बघत बसली होती, तिला गोळी कोणी दिली?